एक घर, चार तारखा

(समाजकार्याचे विद्यार्थी आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रमैत्रिणींनो, संयोजकांनी विषय दिलाय ‘कुटुंब न्यायालय आणि बाल न्याय मंडळातील कार्यक्रमांचा समन्वय’. नाव परिपत्रकावर शोभेल असं आहे. तेव्हा परिपत्रक बाजूला ठेवून आधी एका घरात जाऊ.

समजा, पुण्यातलं घर आहे. नवरा-बायको वेगळे राहतात. घटस्फोट आणि मुलांचा ताबा यांचा दावा शिवाजीनगरला, कुटुंब न्यायालयात. मारहाणीबद्दल बाईंनी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केलाय, तो न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. सोळा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर मोटारसायकल चोरीत सापडला, त्याची चौकशी येरवड्याला बाल न्याय मंडळापुढे. आणि नऊ वर्षांची मुलगी कधी आजीकडे तर कधी शेजारी राहते, शाळेतल्या बाईंनी कळवल्यामुळे ती बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचं बघणाऱ्या समितीपुढे. बाई चार घरी पोळ्या करायला जातात. प्रत्येक तारखेला एक खाडा, आणि दोन तारखा एकाच दिवशी आल्या की एकीकडे गैरहजेरी.

हे घर मी रचलेलं आहे, पण त्यातलं काहीच मला रचावं लागलेलं नाही. कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून काम करताना असे तुकडे रोज टेबलावर यायचे. तुकडेच यायचे, अख्खं घर कधी यायचं नाही. माझ्या फायलीत त्या मुलाच्या नावापुढे फक्त ‘अपत्य क्र. १, वय १६, आईकडे’ एवढंच असायचं. तो महिनाभर निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे आहे, हे मला त्याच्या आईनं, जाता जाता, पिशवी उचलताना सांगावं!

हे असं का झालं, ते थोडं इतिहासात बघावं लागतं. आपल्याकडे या दोन वाटा वेगवेगळ्या गावांहून निघाल्या. कुटुंब न्यायालयाची कल्पना दुर्गाबाई देशमुखांची. १९५३ मध्ये त्या चीनला गेल्या होत्या. तिथली कुटुंब न्यायालयं पाहून आल्यावर त्यांनी नेहरूंशी आणि न्यायमूर्ती छागला, न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्याशी हा विषय काढला. दोघेही मुंबई उच्च न्यायालयाचे, म्हणजे आपलेच. तरी कायदा यायला १९८४ उजाडलं, आणि पुण्या-मुंबईत न्यायालयं सुरू झाली ती १९८९ मध्ये. मधल्या काळात विधी आयोगाचा अहवाल आला, महिला संघटनांनी जोर लावला, ते सगळं आज सांगत बसत नाही.

मुलांच्या कायद्याची वाट याहून जुनी, आणि ती निघाली तुरुंगाकडून. मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४ चा. डोंगरीला उमरखाडीचं बालगृह आहे ना, ती इमारत मुळात तुरुंगाची. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या प्रकरणात १८८२ साली टिळक-आगरकर जिथे एकशे एक दिवस होते, तीच. पुढे तिथे मुलं ठेवली जाऊ लागली. भिंती त्याच राहिल्या. म्हणजे एकीकडे ‘संसार सावरा’ म्हणणारी संस्था, दुसरीकडे ‘पोराला वळण लावा’ म्हणणारी. दोघींच्या दारात माणसं तीच उभी आहेत, हे बघायची सवय कुठल्याच खात्याला लागली नाही.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवायचा प्रयत्न झाला. शिकागोत १८९९ मध्ये मुलांचं पहिलं स्वतंत्र न्यायालय निघालं. पुढे ऱ्होड आयलंड राज्यानं १९६१ मध्ये घटस्फोट, ताबा, दुर्लक्षित मुलं, गुन्ह्यात सापडलेली मुलं हे सगळं एकाच कुटुंब न्यायालयात आणलं. एक कुटुंब, एक न्यायाधीश, अशी ती दिशा. परिसंवादात कुणीतरी उठून म्हणतंच, आपणही तसं करावं. मला तसं वाटत नाही. का, ते सांगतो.

समुपदेशकाच्या खोलीत माणूस जे बोलतो ते न्यायालयात बोलत नाही. आमच्या त्या बाई एखाद्या दिवशी म्हणतील, “साहेब, पोराच्या हाताला सवय लागलीय, मीच दोनदा त्याच्या खिशातले पैसे बघून गप्प बसले.” हे वाक्य माझ्याकडे राहिलं तर त्यातून मदत निघते. मंडळापुढे गेलं, तर मुलगा आधीपासून चोऱ्या करतो याचा तो पुरावा होतो. नवऱ्याच्या वकिलाकडे गेलं, तर आई मुलांवर लक्ष ठेवत नाही म्हणून ताब्याच्या दाव्यात वापरलं जातं. बोलणं एकच, आणि तीन ठिकाणी तीन अर्थ. समुपदेशकापुढचं बोलणं नियमांनी गोपनीय ठेवलंय ते उगाच नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे, तीही उगाच नाही.

म्हणून समन्वय म्हटलं की लोकांना जो एक मोठा संगणक दिसतो, सगळ्या फायली एका ठिकाणी, कुणीही उघडून बघाव्यात, त्याची मला भीतीच वाटते. समन्वय करणाऱ्यानं तारखा आणि कामं इकडून तिकडे न्यावीत. माणसांनी सांगितलेली हकिगत जिथे सांगितली तिथेच राहू द्यावी. आजच्या व्याख्यानात मला सांगायचंय ते इतकंच, बाकी सगळा तपशील.

पण तपशिलातच तर काम आहे. २०१५ चा बाल न्याय कायदा काढून बघा, तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. कलम ८ मध्ये मंडळाची कामं दिली आहेत. त्यात एक वाक्य आहे, जे मी प्रत्येक तुकडीला दोनदा वाचून दाखवतो. त्याचा आशय असा: विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल, हे त्याच वेळी काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालकही असू शकतं, त्यामुळे मंडळ आणि समिती दोघांनीही त्यात लक्ष घालणं आवश्यक असू शकतं. कायद्यानं एवढं स्वच्छ लिहून ठेवलंय. प्रत्यक्षात काय होतं? मंडळ म्हणतं, पोराला समितीकडे पाठवला. समिती म्हणते, अजून कागद आला नाही. कागद टपालात असतो आणि पोरगा घरी, म्हणजे ज्या घरातून तो आला त्याच घरी.

आता कलम ८ मध्येच असलेला सामाजिक तपासणी अहवाल घ्या. मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्यानं, म्हणजे मुलाच्या घरची परिस्थिती तपासणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरनं, तो द्यायचा. छापील नमुना आहे, नमुना क्रमांक ६. त्यात घरातल्या माणसांचे आपसातले संबंध विचारलेत, आणि पुढे पर्याय दिलेत: सलोख्याचे, सलोख्याचे नाहीत, माहीत नाही. परिविक्षा अधिकाऱ्याकडे डोक्याएवढा फायलींचा ढीग असतो. तो घरी जातो, आईशी दहा मिनिटं बोलतो, ‘सलोख्याचे नाहीत’वर खूण करतो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो. त्याला दोष देऊ नका. पण तुम्ही त्याच्याबरोबर काम करणार असाल, तर त्या खुणेपाशी थांबून एक प्रश्न तोंडी विचारा: “कुटुंब न्यायालयात काही चालू आहे का? पुढची तारीख कधी?” उत्तर नोंदवहीत एका ओळीत लिहा. भांडणाची कहाणी लिहू नका. तारीख लिहा.

आम्ही एक चिठ्ठी काढली होती. तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण परिषदांमधून ठराव पुष्कळ होतात आणि चिठ्ठीबद्दल कुणी बोलत नाही. पोस्टकार्डाएवढा कागद, मधोमध टोचे पाडलेले. वरच्या भागात: कुणाला पाठवतोय, कुठे, कुणाला भेटायचं, काय काम, कधीपर्यंत. कारण लिहायला जागाच ठेवली नव्हती, मुद्दाम. खालच्या भागात तीनच ओळी: आले की नाही, पुढची तारीख, सही. खालचा भाग फाडून आमच्याकडे परत यायचा. नाही आला, तर आठवड्यानं फोन करायचा. आमच्या क्षेत्रात ‘रेफर केलं’ हा शब्द फार सोपा झालाय. अहवालात तो लिहिला की काम संपलं असं वाटतं. त्या बाई व्यसनमुक्ती केंद्राच्या दारापर्यंत गेल्या, रखवालदारानं विचारलं कुणाला भेटायचंय, त्यांना नाव सांगता आलं नाही, त्या परत आल्या. हे कुठल्या अहवालात दिसणार? चिठ्ठीचा खालचा भाग कोरा राहिला की ते दिसायचं. सुरुवातीला सगळ्यांनी नाकं मुरडली, आणखी एक कागद म्हणून. एका शिरस्तेदारांनी मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, “मुलाच्या परीक्षेची तारीख कुठे लिहायची?” तो रकाना त्यांच्यामुळे आला.

आणि तो रकाना किती लागतो म्हणून सांगू! बाल न्याय मंडळ मुलाला समाजसेवा करायला सांगू शकतं. नियमांत उदाहरणंही दिली आहेत: चौदा वर्षांपुढच्या मुलानं बागेची निगा राखावी, वृद्धांची सेवा करावी, रुग्णालयात मदत करावी, वाहतूक स्वयंसेवक व्हावं. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला, त्यानंतर हे मंडळ महाराष्ट्रात घरोघरी पोचलं ते जामीन देताना लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधामुळे. त्या प्रकरणात मी शिरत नाही. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही. मंडळ असं काहीही सांगतं, ते करून घेणारं कोण आहे? रुग्णालयात मुलानं कुणाला भेटायचं, हजेरीवर सही कुणी करायची, दहावीची परीक्षा मार्चात असेल तर त्या आठवड्यांचं काय? सही करणाऱ्या सिस्टरला तो का आलाय हे कळता कामा नये, तिच्यासाठी तो येणारा एक मुलगा. हे सगळं आदेशात लिहिलेलं नसतं. ते कुणीतरी आदल्या आठवड्यात जाऊन, चहा पिऊन, ठरवून यावं लागतं. कार्यक्रमांचा समन्वय तो हाच.

तीच गोष्ट पैशांची. आपल्याकडे बालसंगोपन योजना आहे, आता तिला सावित्रीबाईंचं नाव आहे. एकल पालकाच्या मुलासाठी महिना २,२५० रुपये. मंजुरी बाल कल्याण समितीकडून. ज्या बाई कुटुंब न्यायालयात पोटगीसाठी महिनोन् महिने तारखा मोजत बसतात, त्यांच्यापैकी किती जणींना हे ठाऊक असतं? समितीचं नाव घेतलं की त्यांना वाटतं, मुलं काढून नेतील. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण अर्ज भरायला कुणी बरोबर गेलं तर निम्मी भीती जिन्यातच उतरते. मग आमच्या त्या घरातली मुलगी आजीकडे राहू शकते, वही-दप्तराचा प्रश्न सुटतो, आणि ताब्याच्या दाव्यात ‘मुलीचे हाल होतात’ या मुद्द्यावर भांडायला दोघांकडेही थोडं कमी उरतं.

पोटगीच्या बाबतीत तर खुद्द सर्वोच्च न्यायालयाला समन्वयाचं काम करावं लागलं. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेलं एक प्रकरण वर गेलं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये निकाल आला. पोटगी वेगवेगळ्या कायद्यांखाली मागता येते, म्हणून एक आदेश इथे आणि दुसरा तिथे असं व्हायचं. न्यायालयानं सांगितलं की अर्जदारानं आधीचा दावा आणि आधीचा आदेश उघड करायचा, दुसऱ्या न्यायालयानं तो हिशेबात धरायचा, आणि दोन्ही बाजूंनी मालमत्ता व उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. या निकालात काय सांगायला लावलंय ते नीट बघा: आदेश, रक्कम, मिळकत. संसारात काय झालं ते एका न्यायालयातून दुसऱ्यात नेऊन ठेवा, असं कुठेही म्हटलेलं नाही. माझी चिठ्ठी याहून वेगळं काही करत नव्हती.

विद्यार्थी विचारतात, हे काम कुणाचं? जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी आहेत, विधी सेवा प्राधिकरण आहे, विवाह समुपदेशक आहेत. कागदावर प्रत्येकाचं थोडं थोडं आहे, म्हणून पूर्ण कुणाचंच नाही. माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक जिल्ह्यात यासाठी एक पगारी माणूस हवा, ज्याच्याकडे दुसरं कुठलंही काम नसेल. स्वयंसेवकावर हे टाकू नका. स्वयंसेवक दिवाळीनंतर दिसत नाही, आणि मंडळापुढची चौकशी चार महिन्यांत संपायला हवी असं कायदा म्हणतो. त्या चार महिन्यांत मुलानं पाच चेहरे बघितले, तर सहाव्याला तो काही सांगत नाही. तो माणूस वकील नसला तरी चालेल. त्याला येरवड्याची बस कुठून सुटते ते माहीत असावं, आणि मंडळाच्या खोलीत उंच चौथरा नसतो, साक्षीदाराचा पिंजरा नसतो, सगळे एका पातळीवर बसतात, हे आदल्या दिवशी मुलाला आणि आईला सांगता यावं. अर्धी मुलं सिनेमातलं कोर्ट डोक्यात घेऊन येतात आणि तोंडच उघडत नाहीत.

चिठ्ठीचे नमुने त्या कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलेत. घेऊन जा, पण तसेच छापू नका. तालुक्याच्या ठिकाणी कुटुंब न्यायालय नसतं, तिथे हे दावे दिवाणी न्यायालयात चालतात, तेव्हा वरचा पत्ता बदलावा लागेल. परीक्षेचा रकाना तेवढा काढू नका. आता तुमचे प्रश्न घेऊ.