सोन्याची कोय

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरी फ्रीजच्या वर एक काचेची बरणी आहे. पाहुणे आले की विचारतात, कसलं लोणचं घातलंय? लोणचं नाही. त्यात आंब्याची एक कोय आहे. आमच्या गुंड्याच्या पोटातून ऑपरेशन करून काढलेली. तिच्यावर जेवढे पैसे गेले त्यात हंगामभर पेट्यांनी आंबे आले असते, म्हणून घरात तिला सगळे ‘सोन्याची कोय’ म्हणतात.

गुंड्या म्हणजे आमचा कुत्रा. जात विचाराल तर खास नागपुरी. कॉटन मार्केटच्या मागे, कोबीच्या पानांच्या ढिगात सापडला तेव्हा माझ्या ओंजळीत मावत होता. आता पंधरा-सोळा किलोंचा आहे. दोन वेळा पोटभर जेवतो, तरी रस्त्यावर नाक खाली घालून चालतो आणि जे दिसेल ते तोंडात टाकतो. आज मी बोलणार आहे ते या सवयीबद्दल, आणि माझ्या हातून झालेल्या चुकीबद्दलही.

जूनचा पहिला आठवडा होता. सकाळी सहाला आम्ही गोकुळपेठेच्या बाजाराकडून येत होतो. रसाच्या गाडीपाशी कोयी पडलेल्या. गुंड्यानं एक उचलली. मी ओरडले, “अरे सोड! सोड म्हणते ना!” दोरी खेचली, वाकून त्याचा जबडा धरला आणि दोन बोटं आत घातली. कोय माझ्या बोटांना लागली सुद्धा, बुळबुळीत, केसाळ. आणि त्याच क्षणी त्यानं मान मागे टाकून ती गिळली. अख्खी.

तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. पाणीसुद्धा ठरेना. सोनोग्राफीत आतड्यात अडकलेली दिसली, त्याच संध्याकाळी पोट उघडावं लागलं. टाके घातल्यावर डॉक्टरांनी मला शांतपणे विचारलं, की त्यानं उचलली तेव्हा तुम्ही काय केलंत? मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, काढायला गेले ना. ते म्हणाले, म्हणूनच त्यानं गिळली. चघळत बसला असता तर वास संपल्यावर टाकून दिली असती कदाचित.

मला तेव्हा राग आला होता. पण विचार करा. कुत्र्याच्या बाजूनं काय झालं? त्याला काहीतरी छान सापडलं. लगेच माणूस धावत आलं, तोंडात हात घालायला लागलं. म्हणजे वस्तू नक्कीच मोलाची, आणि माणूस चोर. चोर आल्यावर मुठीतला दागिना लपवायचा कुठे? पोटात. पुढच्या वेळी तो आणखी लवकर गिळतो, आणि त्याच्या पुढच्या वेळी कदाचित गुरगुरतो. हे सगळं आपण शिकवलेलं असतं, रोज दोन वेळा, फिरायला नेता नेता.

मुळात कुत्रा हा उकिरड्यावर वाढलेला प्राणी. माणसाच्या वस्तीजवळचं उष्टंखरकटं खात खातच तो आपल्या जवळ आला, असं बरेच संशोधक मानतात. त्यात लॅब्राडोर असेल तर विचारूच नका. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं, की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये भुकेशी संबंधित एक जनुक अर्धवट असतो, त्यामुळे त्याला सतत खा-खा सुटलेली असते. तेव्हा ‘आमचा फार हावरट आहे हो’ म्हणून त्याला लाजवू नका.

आता आपल्या गावाच्या रस्त्यावर काय काय पडलेलं असतं ते बघा. सकाळी तर्री पोह्यांच्या कागदी प्लेटा. त्यात कांदा. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, कच्चा असो की शिजवलेला. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम पोटात गेला की त्रास होऊ शकतो, म्हणजे गुंड्यासारख्याला साधारण पाव किलोपासून पुढे. तेव्हा प्लेटेतल्या चार फोडींनी जीव जात नाही, घाबरू नका. पण रोज सकाळी तोच ठेला, तीच चाटाचाटी, हे चांगलं नाही. त्रास लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते.

रविवारी दुपारनंतर सावजीची हाडं. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार चिरफळ्या निघतात. पावसाळ्यात फुटाळा तलावावर गेलात तर भुट्टे खाऊन फेकलेले दांडे. ते पचत नाहीत, अगदी कोयीसारखेच अडकतात. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात. द्राक्षं आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करतात. कुणाला मूठभर खाऊन काही होत नाही, कुणाला थोड्यानंच होतं. बरीच वर्षं हे कोडं होतं. अलीकडे, २०२१ पासून, संशय टार्टारिक आम्लावर आहे. आणि हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. आपल्याकडे चिंचेची झाडं किती! चिंच खाऊन मूत्रपिंडं बिघडलेल्या कुत्र्यांची नोंद झालेली आहे. मला हे कळल्यापासून आम्ही झाडाखालून जातो तेव्हा माझीच नजर खाली असते.

संक्रांतीचा मांजा तर वेगळंच प्रकरण. त्याला खाण्याचं काही चिकटलेलं असेल तर कुत्रं तो चावून गिळतं. कधी त्याचं एक टोक जिभेखाली अडकतं किंवा मागून बाहेर लोंबतं. ओढू नका. काही झालं तरी ओढू नका. नाडी ओढली की पायजम्याचा नेफा कसा चुणतो, तशी आतडी त्या दोऱ्यावर चुणतात आणि कापली जातात. तसंच घेऊन दवाखान्यात जायचं.

आणि उंदराचं औषध. याला मी सगळ्यात जास्त भिते, कारण हे फसवं असतं. किराणा दुकानात मिळणाऱ्या वड्यांमध्ये बहुतेक वेळा रक्त गोठू न देणारं विष असतं. खाल्ल्यावर कुत्रं दोन-तीन दिवस छान शेपटी हलवत फिरतं. आपण म्हणतो, वाचलो. मग हिरड्यांतून, शीतून रक्त, धाप, आतल्या आत रक्तस्राव. यावर विटामिन के-१ हे खरंच लागू पडणारं औषध आहे, पण वेळेत सुरू केलं तर, आणि काही आठवडे चालू ठेवावं लागतं. दुसरी काळी भुकटी, झिंक फॉस्फाइडची, पिठात मळून ठेवतात. तिचा पोटातल्या आम्लाशी संबंध आला की विषारी वायू तयार होतो. असं कुत्रं गाडीत नेताना काचा उघड्या ठेवा, त्यानं उलटी केली तर तो वायू आपल्यालाही बाधतो.

एक घरगुती उपाय मात्र आजच विसरा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची. आमच्या शेजारच्या काकूंनी मला फोनवर हेच सांगितलं होतं, मायेनंच. पण तेवढं मीठ स्वतःच विष ठरतं. फिनाईल, ॲसिड, रॉकेल असलं काही गेलं असेल तर उलटी काढणं म्हणजे घसा दुसऱ्यांदा भाजणं, नाहीतर ते फुप्फुसात जाणं. दूध, तूप यांनीही विष उतरत नाही. काय खाल्लं, किती, किती वाजता, एवढं आठवा, वेष्टण सापडलं तर पिशवीत घ्या आणि निघा. आपल्या नागपुरात १९५८ सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, सेमिनरी हिल्सला. तुमच्या घराजवळचा प्राण्यांचा दवाखाना कोणता, रात्री कुठला उघडा असतो, हे आधी विचारून नंबर भिंतीवर लावून ठेवा. रात्री अकराला शोधाशोध करताना हात थरथरतात, मी सांगते.

बरं, आता शिकवायचं कसं.

मी गुंड्याला दोन शब्द शिकवले. ‘राहू दे’ म्हणजे उचलू नकोस. आणि ‘दे’ म्हणजे तोंडातलं सोड. ‘सोड’ हा शब्द मी मुद्दाम टाकून दिला, कारण त्या कोयीच्या दिवसापासून ‘सोड’ म्हटलं की तो घाईघाईनं गिळायचा! घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. आमच्याकडे मी ‘दे’, यजमान ‘टाक बे’, आणि नातू ‘ड्रॉप इट’. बिचाऱ्या कुत्र्यानं कोणाचं ऐकायचं? शेवटी स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवला. यजमान तीन दिवस रुसले.

‘दे’ आधी शिकवा. घरात, शांत वेळी. त्याच्या तोंडात त्याचं खेळणं असू द्या. उकडलेल्या, बिनमिठाच्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा त्याच्या नाकाशी धरा. शाकाहारी घर असेल तर पनीर. वासानं तोंड उघडेल, खेळणं पडेल. पडता पडता म्हणा ‘दे’, आणि तुकडा द्या. आणि आता जे कोणी करत नाही ते करा: खेळणं त्याला परत द्या. परत! हीच खरी मेख. दिलं तरी आपलं जात नाही, उलट वर काहीतरी मिळतं, हा हिशेब त्याच्या डोक्यात बसला पाहिजे. इतवारीतल्या व्यापाऱ्याला कळेल हा व्यवहार. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. पंधरा-वीस दिवसांत गुंड्या माझ्याकडे आपण होऊन चपला आणून द्यायला लागला, मोबदला मिळावा म्हणून. हा दुष्परिणाम मी मान्य करते.

‘राहू दे’ मुठीपासून सुरू होतं. मुठीत तुकडा, मूठ त्याच्यासमोर. तो चाटेल, पंजा मारेल, नाक खुपसेल. काही बोलायचं नाही, हलायचं नाही. कंटाळून तो क्षणभर मागे सरकतो. त्या क्षणी ‘शाब्बास’ म्हणून दुसऱ्या हातातला तुकडा द्यायचा. मुठीतला कधीच नाही. हे जमलं की तुकडा जमिनीवर, वर आपली चप्पल. मग चप्पल थोडी बाजूला. मग दोरी लावून अंगणात, मग गल्लीत आपणच ठेवलेल्या कोऱ्या कागदी प्लेटेजवळून. पोह्यांच्या ठेल्यापाशी थेट परीक्षा घेऊ नका. बाराखडी न शिकवता निबंध लिहायला बसवल्यासारखं होतं ते.

रस्त्यावर खरं काम उचलण्याच्या आधीचं असतं. जरा निरखून पाहा. गुंड्याचं नाक आधी एका बाजूला वळतं, मग कान पुढे येतात, शेपटी थांबते आणि पावलं झपकन लहान होतात. एवढ्यात साधारण दोन सेकंद मिळतात. त्या दोन सेकंदांत ‘राहू दे’ म्हटलं तर तो ऐकतो. तोंडात गेल्यावर म्हटलं तर उशीर. म्हणून फिरताना मोबाइल खिशात ठेवा. उचललंच, तर धावू नका. खिशातले चार-पाच तुकडे त्याच्यासमोर जमिनीवर पसरा. बहुतेक वेळा तोंडातलं टाकून तो ते वेचायला लागतो, आणि तेवढ्यात आपण पायानं ती वस्तू सारायची.

ज्यांचं कुत्रं अजिबात ऐकत नाही, किंवा आसपास विष टाकल्याची शंका आहे, त्यांनी तोंडाला जाळीचं मुसकं वापरावं. मळणीला बैलाच्या तोंडाला मुसकं बांधायचे, कणसं खाऊ नयेत म्हणून. तेच तत्त्व. त्यात कसला कमीपणा? फक्त ते टोपलीसारखं, आत तोंड पूर्ण उघडता येईल असं हवं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते अंग थंड करतं. तोंड आवळून बांधणारी कापडी पट्टी मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या नागपुरात बांधली, तर उष्माघात झालाच म्हणून समजा.

आणि जर तो माती, चुना, दगड, कापड असं खातच सुटला असेल तर शिकवणं बाजूला ठेवून आधी तपासून घ्या. जंत, रक्त कमी असणं, पचनाचे आजार, यांतही असं होतं. चार-सहा महिन्यांचं पिल्लू दात येताना सगळंच चावतं, ती गोष्ट निराळी. गवत थोडंफार खाल्लं तर मी काही म्हणत नाही.

आमच्या गुंड्याचं म्हणाल, तर तो आता पोह्यांच्या प्लेटेजवळ थांबतो, तिच्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो आणि मी खिशात हात घालेपर्यंत वाट पाहतो. हाडही देतो. गेल्या महिन्यात कुणाचीतरी अंगदुखीच्या गोळ्यांची अख्खी पट्टी त्यानं माझ्या तळहातावर आणून ठेवली, त्या दिवशी मी त्याला अर्धी वाटी पनीर दिलं.

शेळीच्या लेंड्या मात्र तो सोडत नाही. चिकन नाही, पनीर नाही, काही नाही. तेव्हा कळप दिसला की आम्ही दोघं रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालतो.

नमस्कार.