बोहारणीच्या चिमटीतलं कापड

(दृश्य : सोसायटीचं फाटक, बोहारीण, भांड्यांची पाटी)

तीन साड्या, दोन शर्ट आणि बदल्यात स्टीलचं एक पातेलं. घासाघीस सुरू असतानाच बोहारीण साडीचा काठ चिमटीत धरून अंगठ्यानं चोळते. सुती, टेरिकॉट (सूत आणि पॉलिस्टरचं मिश्रण) की निव्वळ पॉलिस्टर, हे तिला लेबल न वाचता कळतं. जुन्या कापडाची पुढची वाट इथेच ठरते. त्या वाटेचा आम्ही घेतलेला हा माग.

(दृश्य : जुना बाजार, मंगळवार पेठ, पुणे)

धड कपडे धुऊन, इस्त्री होऊन पुन्हा कुणाच्या तरी अंगावर चढतात. यंत्र नाही, रसायन नाही. यापेक्षा स्वच्छ पुनर्वापर आम्हाला दिसला नाही.

(दृश्य : पदपथावर गोधडी शिवणाऱ्या मावशी)

फाटलेलं सुती लुगडं मात्र इथे येतं. खाली धोतर, मध्ये चिंध्यांचे थर, वर लुगडं. आधी हातानं दाबून सुरकुत्या काढायच्या, कडा आत मुडपायच्या, मग धावदोरा. टाके कडेनं सुरू होतात आणि चौकोनात फिरत आत आत सरकतात. विरलेल्या जागी ठिगळ. वापरून मऊ झालेलं सूत घाम टिपतं, म्हणून बाळाच्या अंगाखाली हीच गोधडी.

(दृश्य : जळणारे दोन धागे)

सुती धागा जळताना कागदासारखा वास येतो, मागे राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. ते मुळात खनिज तेलापासून बनलेलं प्लॅस्टिक आहे. बाटल्यांपासून केलेला टी-शर्टही तेच. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. त्या टी-शर्टचा पुन्हा टी-शर्ट सहसा होत नाही. शिवाय प्रत्येक धुण्यात त्यातून बारीक तंतू सुटतात. काही सांडपाण्याच्या गाळात अडकतात, काही मुठा नदीत जातात.

(दृश्य : चिंध्यांचे गठ्ठे)

चिंध्या यंत्रात पिंजून नवं सूत काढता येतं, पानिपतला हा मोठा धंदा आहे. पण पिंजताना तंतू आखूड होतात, मजबुतीसाठी त्यात अनेकदा पॉलिस्टर मिसळावं लागतं, आणि उडणारी धूळ कामगारांच्या छातीत जाते. कापूसही निर्दोष नाही : २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. इतकी किंमत मोजून आलेलं सूत चार धुण्यांत फेकलं जाऊ नये, यासाठीच गोधडीवर आम्ही एवढा वेळ थांबलो.

सर्वांत अवघड टेरिकॉट. त्यातलं सूत आणि पॉलिस्टर हातानं सुटं होत नाही, त्यासाठी रासायनिक प्रक्रियाच लागते. बोहारीण ते पाटीच्या कडेला सारते आणि पातेल्याऐवजी वाटी पुढे करते.