विंचचा दोर नंतर, आधी हूक बघा

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'विंचचा दोर: पोलादी की सिंथेटिक?' त्याचं उत्तर मी देणार आहेच, पण आधी जरा हात वर करायला लावतो. ज्यांच्या गाडीला विंच, म्हणजे दोर गुंडाळून रुतलेली गाडी ओढून काढायचं यंत्र, आहे त्यांनी हात वर करा. वा, अर्धं सभागृह! आता तो विंच ज्या बंपरवर बसलाय, तो बंपर चॅसिसला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, कुठे आणि किती बोल्टांनी धरलाय हे ज्यांना माहीत आहे, त्यांनीच हात वर ठेवा. बरेच खाली आले. आणि मागचा हूक, ज्याला आपण दुसऱ्याची गाडी काढायला पट्टा लावतो, तो कशावर बसवलाय आणि कुणी? आता एकच हात उरला. ते काका फॅब्रिकेशनच्या धंद्यातले आहेत, त्यांचा हात खाली जाणारच नव्हता.

हेच मला बोलायचंय. आपण दोराबद्दल तासन् तास वाद घालतो. पण ओढ दोरापाशी थांबत नाही. ती हूकमधून शॅकलमध्ये, म्हणजे पिन लावून बंद होणाऱ्या लोखंडी कडीत, शॅकलमधून ब्रॅकेटमध्ये, ब्रॅकेटमधून चॅसिसमध्ये आणि पलीकडे झाडात किंवा दुसऱ्या गाडीत जाते. या वाटेवर जे सगळ्यात कच्चं असेल तिथे ती सुटते. आणि सुटलेला तुकडा लोखंडाचा असला, तर तो माणसाच्या दिशेने येतो.

आपल्या नाशिकला हे कळायला हवं. थार आपल्याच गावच्या कारखान्यात तयार होते, आणि पाऊस लागला की आपण सगळे वैतरणा, इगतपुरी, हरसूलकडे निघतो. भातखाचरांच्या चिखलात गाडी रुतणं ही दर रविवारची गोष्ट झाली आहे. रुतल्याचं मला काही वाटत नाही. काळजी वाटते ती काढताना जमणाऱ्या गर्दीची. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला बघा: ताणलेल्या दोरापासून चार फुटांवर लहान मुलं उभी, आणि त्यांचे बाप मोबाईलवर शूटिंग करताहेत. दोर जेवढा लांब सोडलाय, त्याच्या दीडपट अंतराच्या आत कुणी उभं राहू नये. नवरा-बायको असोत, मुलं असोत की गावचे सरपंच, सगळ्यांना हाच नियम.

जरा मागे जातो. पोलादी दोर कुठून आला ठाऊक आहे? जर्मनीत हार्झच्या डोंगरात क्लाउस्थाल नावाचं खाणींचं गाव आहे. तिथल्या विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या अधिकाऱ्याने १८३४ मध्ये खाणीसाठी तारांचा दोर वळून घेतला. त्याआधी खनिज वर ओढायला साखळ्या असत. साखळीची एक कडी तुटली की सगळा भार खाली, आधी कसलीच सूचना नाही. तारांच्या दोरात एक तार तुटते, मग दुसरी. बघणाऱ्याला दिसतं की हा आता थकलाय. आल्बर्टचं खरं काम मला हे वाटतं, त्याने सांगून तुटणारी वस्तू दिली. आज सप्तशृंगी गडावरची ट्रॉली दोरानेच वर ओढली जाते. त्यात आपण डोळे मिटून बसतो, कारण तो दोर कुणीतरी डोळे उघडे ठेवून तपासत असतं.

दोर सांगून तुटतो. हूक सांगत नाही. याचा मी पाहिलेला प्रसंग सांगतो, थोडा सविस्तर सांगतो.

गिरणारेच्या पुढची गोष्ट. भाद्रपद, टोमॅटोचा हंगाम ऐन भरात. क्रेट भरलेली एक पिकअप शेतरस्त्यावर रुतली होती, पार ॲक्सलपर्यंत. आमच्यातला एक तरुण मुलगा मदतीला गेला होता. मनाने चांगला, गाडी नवीकोरी, आणि गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा गोल गोळा, टो-बॉल. त्याने स्नॅच पट्ट्याचं, म्हणजे झटका देऊन गाडी काढायच्या ताणणाऱ्या पट्ट्याचं, एक टोक पिकअपच्या पुढच्या हूकला लावलं आणि दुसरं त्या गोळ्यावर अडकवलं. मी पोहोचलो तेव्हा दोन झटके देऊन झाले होते. मी लांबूनच ओरडत होतो, पण इंजिनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

पिकअपमध्ये ड्रायव्हर होता आणि त्याच्या डाव्या बाजूला त्याचा पुतण्या, असेल बारा-तेरा वर्षांचा. शेताचे मालक बांधावर उभे होते. ऐंशीच्या घरातले बाबा, डोक्यावर गोणपाटाची खोळ. ते चिखल तुडवत आले, दार उघडलं आणि पोराला म्हणाले, ''उतर. ओढीच्या रेघेत बसू नको.'' पोरगं कुरकुरत उतरलं. ड्रायव्हर म्हणाला, ''बाबा, काही होत नाही.'' बाबा म्हणाले, ''मोटेचा नाडा तुटलेला बघितलाय मी. तू बघितलास का?''

तिसऱ्या झटक्याला गोळा मानेतून तुटला. आवाज फटाक्यासारखा नव्हता, कुणीतरी ऐरणीवर एकच घाव घातल्यासारखा होता. पुढची काच डाव्या बाजूला फुटली, पोराच्या सीटचा वरचा भाग फाटला, आणि केबिनची मागची काच फोडून गोळा टोमॅटोत जाऊन पडला. ड्रायव्हर सुखरूप राहिला. पोरगं बाबांच्या शेजारी उभं होतं.

तो गोळा मी क्रेट उपसून शोधून काढला. तुटलेली बाजू नीट पाहिली. तीत दोन रंग होते. एका कडेचा चंद्रकोरीसारखा भाग काळसर तपकिरी, गंज धरलेला. उरलेला भाग राखाडी, दाणेदार, चकाकणारा. याचा अर्थ लक्षात घ्या: काळा भाग म्हणजे जुना तडा. तो कधीतरी आधीच पडला होता, त्यात पाणी शिरलं होतं, गंज चढला होता. त्या दिवशी फक्त उरलेलं पोलाद तुटलं. गोळा बसवलेला असताना तो तडा बाहेरून दिसण्यासारखा नव्हता.

त्या मुलाने तो ज्या दुकानातून बसवून घेतला होता, तिथे आम्ही गेलो. नाव घेत नाही. उत्तर मिळालं, ''साहेब, साडेतीन टनांचा आहे, पिकअप तर तीन टनांचीसुद्धा नाही.'' माझा राग या वाक्यावर आहे. ते साडेतीन टन म्हणजे रस्त्यावर चाकांवर सरळ चालणाऱ्या ट्रेलरचं वजन. चिखलात रुतलेल्या गाडीला बसणारा झटका नव्हे. स्नॅच पट्टा नायलॉनचा असतो, तो वीस-तीस टक्के ताणला जातो. नऊ मीटरचा पट्टा दोन-अडीच मीटरने लांबतो आणि ती सगळी शक्ती गलोलीच्या रबरासारखी धरून ठेवतो. त्याच्या टोकाला दगडाच्या जागी तुम्ही किलोभराचा पोलादी गोळा लावता! ऑस्ट्रेलियात अशा तुटलेल्या टो-बॉलने माणसं मेली आहेत, तिथे याबद्दल जाहीर इशारे दिले जातात. टो-बॉलला स्नॅच पट्टा लावायचा नाही. कधीच नाही, ''जरासाच ओढायचाय'' म्हणूनही नाही.

आणखी एक. काही गाड्यांना खालून एक पातळ कडी असते. ती गाडी ट्रेलरवर किंवा जहाजावर बांधून ठेवण्यासाठी असते, ओढण्यासाठी नाही. खात्री करायची असेल तर गाडीचं मॅन्युअल काढा. त्यात ओढायची जागा चित्रासकट दाखवलेली असते.

आता आकड्यांचा गोंधळ. मला विचाराल तर दुकानात सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, बऱ्याचदा विकणाऱ्यालाही न कळता. शॅकलवर उठवलेला आकडा, समजा ४.७५ टन, हा रोज निर्धास्त उचलायचा भार असतो. चांगल्या बनावटीचा शॅकल तुटतो त्याच्या पाच-सहा पटीला. पट्ट्यावर लिहिलेले ८ टन मात्र पट्टा तुटण्याचा आकडा असतो. लोक ४.७५ चा शॅकल लहान म्हणून परत करतात आणि कुठलाच शिक्का नसलेला, तोंडी 'आठ टनांचा' घेऊन येतात. शिक्का नसलेला शॅकल चपलांच्या रॅकला लावा, गाडीला नको. आकडा किती मोठा हे नंतर बघा. आधी विचारा, हा आकडा चालवायचा की तुटायचा?

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत म्हणे. ठीक आहे, मग पत्रिकेवरचा विषय आता भराभर घेऊ.

विंच केवढा घ्यायचा? गाडीचं भरलेलं वजन गुणिले दीड. मारुतीच्या जिम्नीचं भरलेलं वजन १५४५ किलो, म्हणजे साधारण २३२० किलोंच्या वरचा विंच चालेल. जड गाडीला ९५०० पौंडांचा, म्हणजे साधारण ४३०० किलोंचा घेतात. पण ही ताकद ड्रमवरच्या, म्हणजे दोर गुंडाळायच्या रिळावरच्या, पहिल्या थराची असते. दोर जितका गुंडाळलेला राहील तितकी ओढ कमी. भरलेल्या ड्रमवर साधारण तिसरा हिस्सा गेलेला असतो. म्हणून दोर बराचसा सोडून ओढा, किंवा स्नॅच ब्लॉक, म्हणजे कप्पी, लावून दोर परत आणा. ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो. मात्र ब्लॉक ज्या झाडाला बांधलाय त्याच्यावरही दुप्पट भार येतो हे विसरू नका. झाडाला रुंद पट्टा बांधा, उघडा दोर नको, साल सोलून निघते. आणि स्नॅच पट्टा विंचला कधीही जोडू नका.

पोलादी की सिंथेटिक? सिंथेटिक दोर म्हणजे पॉलिथिनचाच एक अतिशय लांब रेणूंचा प्रकार. दुधाची पिशवी त्याच घराण्यातली. तो धागा हॉलंडच्या डीएसएम कंपनीत १९७९ च्या सुमारास साधला. तो पाण्यावर तरंगतो, पोलादाच्या सातव्या हिश्श्याइतका हलका, हाताला तारा टोचत नाहीत, तुटला तर पोलादाइतका फटकारत नाही. त्याचे शत्रू तीन: उष्णता, वाळू, कडा. सुमारे १५० अंशांना तो वितळतो, पण त्याच्या बराच आधी, ७० अंशांच्या पुढेच, कमकुवत होऊ लागतो. बऱ्याच विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आत असतो, आणि भारासकट दोर सोडत गेलात की ड्रम तापतो, आतला थर भाजतो. तेव्हा उतारावर गाडी विंचने फार वेळ सोडू नका. खडकात, दगडी कडांवर, रोजच्या खडबडीत कामाला पोलादी घ्या. चिखल, पाणी आणि माणसं जवळ असतील तिथे मी सिंथेटिक घेईन. नाशिकच्या पावसाळ्यासाठी माझं मत सिंथेटिकला.

पण नुसता दोर बदलू नका! दोर ज्यांच्यामधून बाहेर येतो त्या रोलरवर पोलादी दोराने चरे पाडलेले असतात, ते नवा सिंथेटिक दोर एका दिवसात कापतात. सिंथेटिकला रोलरच्या जागी गुळगुळीत ॲल्युमिनियमचा हॉस फेअरलीड, म्हणजे दोर बाहेर यायची चौकट, घ्या आणि दर महिन्याला त्यात बोट फिरवून बघा. बोटाला जे टोचेल तेच दोराला कापेल. ड्रमवर पोलादाचे किमान पाच वेढे राहू द्या, सिंथेटिकचे आठ-दहा.

निगा. सिंथेटिक दोर चिखलातून आला की त्याच रात्री नाही, तर दुसऱ्या दिवशी तरी पूर्ण उलगडा. स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवा, हाताने दाबून विणीचे पेड मोकळे करा, आतली वाळू बाहेर काढा. खरी झीज आतच होते. सावलीत वाळवा. बाहेरचा थोडा केसाळपणा चालतो. पण बोटाखाली एखादी जागा कडक, चपटी, चकचकीत लागली तर तिथे तो भाजलाय. तेवढा तुकडा कापून दोर पुन्हा विणून घ्या, गाठ मारू नका. पोलादी दोराला कोरडं फडकं आणि हलकं तेल, जाड ग्रीस नको, त्यात माती बसते. एकदा मुरड पडून ताणला गेला तर तो दोर बाद. तुटलेल्या तारांसाठी क्रेनवाल्यांचा जुना हिशेब वापरा: एका पिळाच्या लांबीत, म्हणजे पेडाचा दोराभोवती एक पूर्ण फेरा होतो तेवढ्यात, सहा तारा किंवा एकाच पेडात तीन तारा तुटल्या की बदला. हातात चामडी मोजे हवेतच, आणि मोज्यातूनही दोर सरकू देऊ नका, एक हात सोडून दुसऱ्याने धरा. दोन्ही दोर परत गुंडाळताना थोडा ताण ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी वरचा वेढा खालच्या वेढ्यांत घुसून अडकतो.

ओढताना दोराच्या मधोमध जड चादर किंवा ओलं गोणपाट टाका. सिंथेटिकलाही टाका, कारण त्याच्या टोकाला पोलादी हूक असतोच.

वेळ संपली. खाली पार्किंगमध्ये माझा दोर उलगडून ठेवलाय, शेजारी एक भाजलेला तुकडाही आहे. दोन्हींना हात लावून बघा. टॉर्चही आणलाय, ज्यांना आपल्या गाडीचा हूक खालून बघायचा असेल त्यांनी माझ्याबरोबर चला.