आभार कोणाचे मानायचे?

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. आमची कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तूर ही तिथली मुख्य पिके. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बरीच वर्षे शिकवले. आजचा विषय तसा माझ्या घरातला आहे. पण विदर्भात असे घर शोधायला फार लांब जावे लागत नाही, म्हणून आकाशवाणीवरून बोलण्याचे धाडस करते आहे. माझ्या यजमानांना तोंडाचा कॅन्सर झाला, त्यांच्यावर उपचार झाले, आणि त्या उपचारांच्या काळात मला माझी श्रद्धा सापडली. जन्माने मी ख्रिस्तीच. बाप्तिस्मा झाला होता, दृढीकरण झाले होते, देवळातल्या गायनसंघात मी गातही होते. पण हे सारे माहेराहून आलेल्या भांड्यांसारखे होते, वापरातले आणि तरीही कधी नीट न पाहिलेले. नवस फेडल्यामुळे किंवा चमत्कार पाहिल्यामुळे ही श्रद्धा आली नाही. आभार मानावेसे वाटले, ते कोणाचे मानायचे असा प्रश्न पडला, आणि त्या प्रश्नाच्या वाटेने ती आली.

आधी आजाराविषयी सांगते, कारण तो समजून न घेता केलेल्या कृतज्ञतेच्या गोष्टी मला पोकळ वाटतात.

सुपारीची भरड, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटला की खर्रा तयार होतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. राज्यात गुटख्यावर 2012 साली बंदी आली, परंतु खर्रा पानठेल्यावर डोळ्यांसमोर घोटून मिळतो आणि त्यामुळे तो घरगुती, निरुपद्रवी वाटतो. नुसती सुपारी खाल्ली तर काही होत नाही, हाही समज पक्का आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली, तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असे स्पष्ट केले; ते आमच्या पानठेल्यापर्यंत पोहोचलेले नाही. यजमान तरुणपणापासून खर्रा खात. आधी त्यांना तिखट झोंबू लागले, मग तोंड पुरते उघडेना, आणि भाकरीचा घास दिवसेंदिवस लहान होत गेला. पुढे गालाच्या आत एक जखम झाली, ती काही केल्या भरेना. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितले, तेव्हा आप्तांपैकी दोघांनी हात धरले. तुकडा काढला की आजार पसरतो, असे त्यांचे म्हणणे होते. हा समज चुकीचा आहे. तो तुकडा तपासल्याशिवाय कोणत्याही डॉक्टरला योग्य उपचार ठरवता येत नाहीत, आणि या एका भीतीपायी मोलाचे महिने वाया जातात.

त्याच सुमारास कोणी झाडपाल्याचे औषध सुचवले, कोणी आरोग्याच्या प्रार्थनासभेला चला आणि ऑपरेशन टाळा म्हणाले. आमच्या मंडळीचे वृद्ध पाळक, म्हणजे धर्मगुरू, ज्यांचे शिक्षण यवतमाळात 1953 साली सुरू झालेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत, ती 1983 साली पुण्याला जाण्यापूर्वी झाले होते, त्यांनी घरी येऊन प्रार्थना केली आणि उठता उठता विचारले, "नागपूरची गाडी किती वाजता आहे?" त्यांनी आठवण करून दिली की बायबलमधले शुभवर्तमान, म्हणजे येशूची जीवनकथा, लिहिणारा लूक हा स्वतः वैद्य होता आणि पौलाने आपल्या पत्रात त्याला प्रिय वैद्य म्हटले आहे. प्रार्थना आणि दवाखाना यांत निवड करायची असते, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात उपचार झाले. ज्या तुकडोजी महाराजांची भजने ऐकत आमच्या पिढीचे विदर्भातले बालपण गेले, त्यांच्या नावाच्या रुग्णालयात एक ख्रिस्ती कुटुंब आधारासाठी गेले, याचा मला मनापासून आनंद वाटतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे तिथल्या आरोग्यमित्राने धीराने भरून घेतली. शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर असले की निम्मे काम होते, हे श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. ऑपरेशनमध्ये गालाचा आतला भाग, खालच्या जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या, आणि छातीचे मांस फिरवून गालाला लावले. नाकातून नळी घातली. जखम भरल्यावर रेडिएशन सुरू झाले, ज्याला आपल्याकडे लाईट घेणे म्हणतात. ते आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवड्यांच्या आसपास चालते. त्याआधी गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून प्रत्येकाचा स्वतंत्र मुखवटा करतात, म्हणजे किरणे रोज नेमक्या जागी पडतात आणि डोके हलत नाही. त्या काळात तोंड आतून सोलवटून निघते, थुंकी आटते, चव जाते.

आता जे सांगायचे ते थोडे अवघड आहे. मला राग आला होता. नळी लावलेल्या, गालावर टाके असलेल्या नवऱ्याकडे पाहताना बाईच्या मनात दया येते असे सगळे समजतात. माझ्या मनात दया होती आणि तिच्या शेजारी राग होता, कारण हा आजार आकाशातून पडला नव्हता. मी हात जोडून सांगितले होते, मुलांनी सांगितले होते, आणि तरीही खिशात पुडी निघायची. हा राग मी पाळकांना सांगितला, तेव्हा त्यांनी मला उपदेश केला नाही. त्यांनी बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून दिली आणि तिच्यात देवाकडे तक्रार करणारी, किती वेळ तू मला विसरशील असे थेट विचारणारी स्तोत्रे किती आहेत ते दाखवले. तेव्हापासून मी रात्री खाटेशेजारी बसून देवाजवळ भांडू लागले. ती माझी पहिली खरी प्रार्थना होती, असे मला वाटते.

यजमानांना बोलता येत नव्हते, म्हणून मी शाळेतली पाटी बरोबर नेली होती. शुद्धीवर आल्यानंतर त्यांनी तिच्यावर वाकड्यातिकड्या अक्षरांत जे पहिले लिहिले ते होते, "तू जेवलीस का?" राग त्या क्षणी संपला नाही, पण त्याला घरात पूर्वीसारखी जागा उरली नाही.

नळीतून पहिल्यांदा अन्न द्यायचे होते तो प्रसंग मला सांगितलाच पाहिजे. सिस्टरांनी शिकवले होते, की डोके उंच ठेवायचे, अन्न अगदी गाळून घ्यायचे, पिचकारी वर धरून सावकाश सोडायचे आणि शेवटी साधे पाणी सोडून नळी धुवायची. मी तुरीच्या वरणाचे पाणी गाळून आणले होते. पिचकारी जोडली, तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवले. मला वाटले, दुखते आहे. त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले. आमच्या घरी जेवणाआधीची प्रार्थना तेच करीत. आता त्यांना करता येत नव्हती, म्हणून ती मी करावी अशी त्यांची अपेक्षा होती. जे अन्न त्यांच्या जिभेला लागणारसुद्धा नव्हते, ज्याची चव त्यांना कळणार नव्हती, त्या अन्नाबद्दल मी मोठ्याने देवाचे उपकार मानले. पाठ असलेली प्रार्थना मला त्या वेळी आठवेना, म्हणून जे सुचले ते बोलले: तूर पेरणाऱ्याबद्दल, सिस्टरांबद्दल, नळीबद्दल. शेजारच्या खाटेवर भंडाऱ्याकडचे एक गृहस्थ होते, त्यांनाही नळी होती. दुसऱ्या दिवसापासून त्यांची पत्नी आपली पिचकारी भरून घेऊन थांबू लागली. "तुमची प्रार्थना होऊ द्या ताई, मंग आमचं," असे ती म्हणायची. ती ख्रिस्ती नव्हती, आणि मी तिला त्याबद्दल कधी काही विचारले नाही.

इकडे गावात कापूस फुटला होता. वेचणीला माणूस मिळत नाही अशा ऐन दिवसांत शेजारणींनी आमचे वावर वेचून कापूस घरात आणून टाकला. मजुरी देऊ लागले, तेव्हा त्यांच्यातली थोरली म्हणाली, "मजुरीचं काय घेऊन बसल्या, बाई? भाऊ बरे होऊन घरी येऊ द्या पयले." असे उपकार मोजायला बसले की मोजणी संपत नाही. डॉक्टरांचे आभार मानले, सिस्टरांचे मानले, वॉर्ड झाडणाऱ्या बाईचे, शेजारणींचे मानले. तरीही काही आभार उरत. रक्त येऊ लागले ते एका सिस्टरच्या भर रात्री वेळेवर लक्षात आले. माझ्यासारख्या चटकन चिडणाऱ्या बाईला महिनोन्महिने पुरेल इतका धीर कुठून तरी रोज सकाळी मिळत राहिला. याला नशीब म्हणता येते. परंतु नशिबाला धन्यवाद म्हणता येत नाही, ते ऐकत नाही. आभार मानायला समोर कोणीतरी लागते. हे उरलेले आभार घेऊन मी देवासमोर गेले, आणि तो ऐकतो आहे हे तिथे मला प्रथम जाणवले.

लूकच्या शुभवर्तमानातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट मला तेव्हापासून वेगळी कळू लागली. ही गोष्ट फक्त लूकनेच सांगितली आहे, आणि विदर्भातल्या माणसाला ती समजावून द्यावी लागत नाही. दत्तपूर, कोठारा, आनंदवन ही कुष्ठरोग्यांच्या सेवाकेंद्रांची नावे ज्या भागात घरोघरी माहीत आहेत, तिथे गावाबाहेर दूर उभे राहून हाक मारणारी माणसे कशी असतील याची कल्पना येते. येशूने त्यांना याजकांना जाऊन स्वतःला दाखवा असे सांगितले, आणि ते जाता जाता वाटेतच शुद्ध झाले. एक परत आला. तो शोमरोनी होता, म्हणजे येशूच्या लोकांनी परका मानलेला. उरलेल्या नऊ जणांना दोष द्यावासा मला वाटत नाही. त्यांनाही घरे होती, बायकामुले होती, आणि बरे झालेला माणूस आधी घराकडेच धावतो. आरोग्य दहाही जणांना मिळाले; ज्याचे आभार मानायचे तो मात्र परत फिरलेल्या एकालाच पुन्हा भेटला. माझ्या बाबतीत श्रद्धा आणि कृतज्ञता यांचा क्रम असा उलटा लागला.

पण यात एक धोका आहे, आणि तो टाळून मी पुढे जाऊ शकत नाही. भंडाऱ्याकडचे ते गृहस्थ वाचले नाहीत. त्यांच्या पत्नीनेही तितकेच जागरण केले होते, तितक्याच काळजीने अन्न गाळले होते. आमचा माणूस घरी आला म्हणून देव चांगला, असे मी म्हणाले तर तिच्या तोंडाकडे मला पाहता येणार नाही. देवाने आम्हांला निवडले, हे वाक्य काही सद्भावी लोक माझ्याजवळ बोलतात, आणि मी त्यांना ते पुन्हा बोलू नका अशी विनंती करते.

मला उत्तर मिळाले ते प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर खाण्याच्या विधीत. उपचार चालू असताना पाळक नागपूरला आले. यजमानांना गिळता येत नव्हते, म्हणून त्यांनी भाकर यजमानांच्या हातात दिली, त्यांनी ती क्षणभर धरली आणि माझ्या हातात ठेवली, आणि दोघांच्या वतीने ती मी खाल्ली. त्या वेळी नेहमीचा विधी वाचला जात होता: ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आले, त्या रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती केली. मी हे शब्द लहानपणापासून ऐकत आले आहे. संकट टळल्यावर त्याने उपकार मानले नाहीत. पकडणारे वाटेवर असताना मानले, आणि दुसऱ्या दिवशी तो वधस्तंभावर गेला. म्हणजे त्याचे उपकार मानणे चांगल्या अहवालावर अवलंबून नव्हते, आणि भंडाऱ्याच्या त्या बाईच्या दुःखाशेजारी बसून करता येण्यासारखी कृतज्ञता जर कुठली असेल तर ती हीच आहे. ती बाई आमच्या घरी येऊन गेली. आम्ही दोघी पुष्कळ रडलो, आणि मग तिने आपणहून विचारले, "ताई, जेवणाआधी ते म्हणत नाही का आता?" मी प्रार्थना म्हटली.

आज यजमान घरी आहेत. तोंड पूर्वीइतके उघडत नाही, डॉक्टरांनी शिकवलेला तोंडाचा व्यायाम ते रोज करतात, वरणात मुरलेली भाकर खातात, पाण्याची बाटली सतत जवळ असते. आम्ही बरे झालो असे जाहीरपणे म्हणत नाही, कारण हा आजार उलटलाच तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो आणि तपासण्या त्यानंतरही चालू ठेवाव्या लागतात. तपासणीला निघण्यापूर्वी आम्ही दोघे प्रार्थना करतो, आणि तिच्यात उपकार आधी मानतो, मागणे नंतर मागतो.

ज्यांच्या तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम आहे, पांढरा किंवा लाल चट्टा आहे, तिखट सहन होत नाही किंवा तीन बोटे उभी मावतील इतके तोंड उघडत नाही, त्यांनी कृपा करून उद्याच जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा सरकारचा विनामूल्य क्रमांक आहे. तो तंबाखूच्या पुडीवरही छापलेला असतो. कॅन्सरच्या रुग्णाला आणि त्याच्या सोबतीला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते, तिचा अर्ज रुग्णालयातून मागून घ्यावा. आणि आज रात्री कुठल्या तरी वॉर्डात आपल्या माणसाच्या खाटेशेजारी बसून कोणी भगिनी हे भाषण ऐकत असतील, तर त्यांना माझे सांगणे आहे, की बाई, आधी तुम्ही जेवून घ्या. राग आला असेल तर तो देवाला सांगा. तुमच्यासाठी आणि तुमच्या माणसासाठी आमच्या घरी आज प्रार्थना होईल.

नमस्कार.