कार्बनमधली वीज अडते कुठे?

(दृश्य : साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेलचं पठार, फिरत्या पवनचक्क्या)

पवनचक्कीचं पातं बहुतांशी काचतंतूचं. लांब पात्यांच्या कण्यात मात्र काही ठिकाणी कार्बन तंतूच्या पट्ट्या घालतात. वजन घटतं, पण एक भानगड मागे लागते : काच वीज वाहत नाही, कार्बन वाहतो.

वाहतो, तेही तांब्याच्या सुमारे हजारपट कमी आणि मुख्यतः तंतूच्या दिशेनेच. तंतू जेमतेम 7 मायक्रॉन जाड. आडवं जायचं तर मध्ये इपॉक्सी, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारं रेझिन, येतं.

पात्यावर पडलेली वीज आतल्या धातूच्या वाहकाने जमिनीत उतरायला हवी. कार्बनची पट्टी त्या वाहकाला नीट जोडलेली नसेल, तर दोघांमध्ये ठिणगी उडते, रेझिन जळतं, थर सुटतात. सगळं जोडावर येऊन ठेपतं.

(दृश्य : कामाचं टेबल)

चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाच्या साध्या विणीच्या कार्बन कापडाची, रेझिनमध्ये घट्ट केलेली एका थराची पट्टी. लांबी 34 सेंमी, रुंदी 5. दोन्ही टोकांचे 2-2 सेंमी जोडासाठी. मधल्या 30 सेंमीचा रोध हिशेबाने 1.8 ओहमच्या आसपास. उभे तंतूच कामाचे, आडवे जवळपास फुकट. तरी मीटर टेकवला की आकडा भलताच येतो, कारण वर रेझिनची साय असते. टोकं 240 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची. चकाकी जाऊन काळे तंतू दिसले की थांबायचं. जास्त घासलं तर तंतूच तुटतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून चांदीमिश्रित इपॉक्सी, वर तांब्याची पट्टी. ॲल्युमिनियम नको, ओल मिळाली की कार्बनशेजारी ते गंजतं. मोजणी चार तारांनी करायची (दोन प्रवाहाला, दोन व्होल्ट मोजायला), कारण दोनच तारा वापरल्या तर मीटरच्या तारांचाच रोध आकड्यात मिसळतो.

आता खान्देशातला मे. पारा 45 गाठतो. दर 10 अंशांना रेझिन घट्ट व्हायचा वेळ साधारण निम्मा होतो : 25 अंशांना अर्धा तास टिकणारं मिश्रण इथे सात-आठ मिनिटांत आवळतं. खोल डब्यात ठेवलं तर धुरावतंसुद्धा. म्हणून थोडंथोडं कालवायचं, पसरट ताटलीत ओतायचं, काम पहाटे उरकायचं.

कूलर मात्र बंद. त्याच्या दमटपणाने काही हार्डनरांवर (रेझिन घट्ट करणाऱ्या रसायनांवर) चिकट पांढरी साय धरते, आणि वाऱ्याने उडालेली कार्बनची धूळ विजेच्या पॅनलमध्ये शिरली तर तिथेच शॉर्ट. घासायचं ते ओलं करूनच, तोंडाला मास्क लावून.