दप्तर एक, विद्यापीठं तीन

[दृश्य: जुलैतला पाऊस. कॉलेजच्या जुन्या इमारतीतली रेकॉर्ड रूम. कपाटाचं दार उघडतं.]

बेळगावात 1933 साली लिंगराज कॉलेज सुरू झालं, तेव्हा पदवी मिळायची ती मुंबई विद्यापीठाची. 1949 च्या कायद्याने कर्नाटक विद्यापीठ स्थापन झालं आणि कागद धारवाडची वाट चालू लागले. त्याच विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र 1982 मध्ये बेळगावात आलं. 2010 मध्ये त्या केंद्राचं राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं. इमारत जागची हलली नाही, वरचं विद्यापीठ मात्र दोनदा बदललं. इथल्या जुन्या कॉलेजांचं दप्तर हाताळताना हे पहिल्यांदा ध्यानात घ्यावं लागतं.

सर्वांत मोठं नुकसान वाळवी करत नाही, आवराआवर करते. शताब्दी जवळ आली की फायली सुट्या करून ‘परीक्षा’, ‘क्रीडा’, ‘स्नेहसंमेलन’ असे नवे गठ्ठे बांधले जातात. दिसायला छान दिसतं. पण 1948 च्या पत्रावरचा जावक क्रमांक आपल्याला बारनिशीकडे, म्हणजे आवक-जावक नोंदवहीकडे नेतो, बारनिशी उत्तराकडे नेते, आणि उत्तर त्याच फाईलमध्ये पुढच्या पानावर लावलेलं असतं. फाईल फोडली की ते पत्र पोरकं होतं. म्हणून कागद ज्या क्रमाने लावलेले सापडले, त्याच क्रमाने ठेवायचे. आधी प्रत्येक फाईलला पेन्सिलीने क्रमांक, मग नोंदवहीत एक ओळ: कुठल्या खोलीतून आली, कुठल्या कार्यालयाची, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत.

वार्षिक अंकांचंही तसंच. मराठी, कन्नड आणि इंग्रजी विभाग एकाच मुखपृष्ठात बांधलेले असतात. कुणी मराठी पानं तेवढी काढून वेगळी बांधू पाहतं, कुणी कन्नड. अंकाची अशी वाटणी करू नये. तीन भाषांतली मुलं एका अंकात लिहीत होती, याचा पुरावा ती शिवणच आहे.

[दृश्य: भिंतीवरचा आर्द्रतामापक. काटा 80 च्या पुढे.]

आता पाऊस. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि बेळगावात जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती त्याच्या वरच असते. ‘हवा खेळू दे’ म्हणून जुलैत खिडक्या उघडल्या तर बाहेरची ओल आत येते. खिडक्या बंद, आतला पंखा सुरू, आणि शक्य असेल तर आर्द्रता शोषणारं यंत्र. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून 15 सेंटीमीटर वर. कागद भिजलाच, तर हाताशी असतात 48 तास. उन्हात टाकू नये, पानं वेडीवाकडी आखडतात. पानापानात टिपकागद घालायचा आणि ओला झाला की बदलायचा.

[दृश्य: जवळून. गंजलेली स्टेपलरची पिन, पानावर तांबूस डाग.]

स्टेपलरची गंजलेली पिन ओढली की कागद तिच्याबरोबर निघतो. पिनेखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवायची, मागचे दोन पाय चपट्या पात्याने उभे करायचे, मग पिन पुढून अलगद उचलायची. नंतर स्टेपलर नको, रबरबँड नको. रुंद सुती फीत बांधायची. फाटलेल्या जागी सेलोटेप तर कधीच नको. काही वर्षांत टेप गळून पडते आणि तिचा पिवळा चिकटा कागदात उतरून राहतो.

फाटलं असेल तर जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, आणि गव्हाची खळ. कुरडयांसाठी काढतात तसाच चीक, पण आंबू न देता आणि पाणी नितळ येईपर्यंत धुतलेला. एक भाग सुका चीक, पाच भाग पाणी, मंद आचेवर ढवळत अर्धा तास. मीठ, हिंग काही नाही. गार झाल्यावर गाळून ताकाइतकी पातळ करायची. लागेल तेवढीच करावी; पावसाळ्यात ही खळ दोन-तीन दिवसांत आंबते. लावलेली खळ पुढे पाण्याने सुटते, म्हणून चूक दुरुस्त करता येते. लॅमिनेशनला परतीची वाट नाही.

स्कॅनिंग 400 पीपीआयला (दर इंचाला 400 ठिपके), रंगीत, टिफ या प्रकारची फाईल. ए-फोर आकाराचं एक पान साधारण 45 एमबी होतं, म्हणजे शंभर पानांना साडेचार जीबी. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावात. नोंदीत गावाचं नाव कागदावर असेल तसंच: बेळगाव किंवा बेलगाम. 1 नोव्हेंबर 2014 पासूनचं ‘बेळगावी’ वेगळ्या रकान्यात, आणि तिन्ही लिप्यांत. नाहीतर मराठीत शोधणाऱ्याला कन्नड फाईल सापडणारच नाही.

[दृश्य: समूहछायाचित्र. पांढऱ्या हातमोज्यातला हात.]

प्रदर्शनात छापील प्रतिकृती लावाव्यात. मूळ कागद ठेवायचाच तर उजेड 50 लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक), आणि तोही तीन महिनेच. समूहछायाचित्राची झेरॉक्स काढून प्रत्येक डोक्यावर आकडा टाकावा आणि ती माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात टेबलावर ठेवावी. शेजारी कोरा कागद, पेन्सिल. कळलेली नावं छायाचित्राच्या पाठीवर नाही, पाकिटावर लिहायची, आणि छायाचित्र आत घालण्याआधी. तिसरी रांग, डावीकडून चौथा: नाव कळेपर्यंत तेवढी ओळ कोरी ठेवायची.