मंथली ते लुक्ला : डोंगरावरची धावपट्टी

(पहाट. तामाकोसी नदी. व्हॅनमधून उतरणारी माणसं.)

नेपाळच्या रामेछाप जिल्ह्यातलं मंथली. उंची अवघी 474 मीटर. सीझनमध्ये काठमांडूच्या विमानतळावर जागा पुरत नाही, म्हणून एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्ला गावाची बहुतेक विमानं इथून सुटतात. मध्यरात्री काठमांडूहून निघून, चार-पाच तास घाटात अंग खिळखिळं करून ही मंडळी पोचली आहेत. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या या गर्दीत पुण्या-मुंबईचे ट्रेकर हमखास असतात.

(वजनकाटा. विमानाच्या आत.)

माणशी साधारण 15 किलो सामान, त्याहून जास्त नाही. विमान छोटंसं, ट्विन ऑटर. हवाईसुंदरी ताटलीतून चघळायच्या गोळ्या देते आणि कानात घालायला कापूस.

सरळ रेषेत अंतर सुमारे 75 किलोमीटर. उड्डाण पंधरा ते वीस मिनिटांचं. जिरी गावाहून पायी लुक्लाला यायचं, तर आठवडा लागतो. डावीकडच्या खिडक्यांत हिमशिखरं येतात, आणि तेवढ्यात समोर ही पट्टी दिसते.

(वैमानिकाच्या काचेतून धावपट्टी.)

लांबी 527 मीटर. वरचं टोक खालच्या टोकापेक्षा सुमारे 60 मीटर उंच, म्हणजे वीस मजली इमारतीएवढं. विमान चढावर उतरतं, चढच त्याचा वेग मारतो. उड्डाण उताराच्या दिशेनं, थेट दरीवर. वरच्या टोकाला डोंगर, त्यामुळे शेवटच्या क्षणी पुन्हा वर उचलायची सोय नाही.

(जुने फोटो. शेर्पांचे पाय.)

ही पट्टी 1964 ची, आणि ती पर्यटकांसाठी बांधलेली नाही, हे आवर्जून सांगायला हवं. एडमंड हिलरींना खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या शेर्पा मुलखात, शाळा आणि दवाखान्याचं सामान पोचवायचं होतं. खालची सपाट शेतं विकायला शेतकरी तयार झाले नाहीत; मिळाली ती ही उताराची जमीन. शेर्पांनी ती हातानं साफ केली. तरी माती भुसभुशीतच. मग हिलरींनी गावठी दारू आणवली आणि शेर्पांना त्या मातीवर नाचायला लावलं. हातात हात गुंफून, पाय आपटत ते नाचले, आणि जमीन दबली! डांबर पडलं ते 2001 मध्ये. 2008 मध्ये विमानतळाला तेनझिंग आणि हिलरींचं नाव मिळालं.

(ढग. थांबलेली विमानं.)

इथं वैमानिक डोळ्यांनी बघूनच उतरवतो, त्यामुळे ढग आले की सगळं बंद. 8 ऑक्टोबर 2008 ला धुक्यात एक विमान कोसळलं. 18 जण गेले, एकटा वैमानिक वाचला.

(नामचे. वरची वाट.)

लुक्लाहून पुढं पायी चढताना हवा विरळ होत जाते, म्हणून नामचे गावात एक दिवस जादा मुक्काम असतो. त्या दिवशी खुमजुंग गावावरून खुंदे गावापर्यंत चढून जाता येतं. 1966 मध्ये उभा राहिलेला हिलरींचा दवाखाना तिथं आजही चालू आहे.